रिपोर्ट नॉर्मल, तरीही हातपाय बधिर : न समजणाऱ्या लक्षणांमागे नेमकं काय असू शकतं?

पायाला मुंग्या येतात. चालताना तोल जातो. हातातला कप सुटतो, कधी एकाचे दोन दिसतात. डॉक्टर बीपी, शुगर, हिमोग्लोबिन बघतात, सगळं नॉर्मल. डोक्याचा एमआरआय काढला, तोही नॉर्मल. मग घरचे म्हणतात, टेन्शन घेतोस तू. आणि पेशंट रात्री मोबाईलवर लक्षणं टाईप करायला लागतो. पंधरा मिनिटांत ब्रेन ट्यूमरपासून मोटर न्यूरॉन डिसीजपर्यंत सगळे आजार त्याला होऊन गेलेले असतात.

यातली गोम अशी, की 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'जे तपासलं ते नॉर्मल' एवढाच होतो. डोक्याच्या एमआरआयमध्ये मेंदू दिसतो. पायाच्या नसा दिसत नाहीत, मणक्यातली मज्जारज्जू दिसत नाही, आणि रक्तातलं पोटॅशियम किंवा व्हिटॅमिन तर कुठल्याच फोटोत दिसत नाही.

म्हणूनच न्यूरोलॉजिस्ट मशीनकडे वळण्याआधी दोन गोष्टी विचारतो. बिघाड कुठे आहे आणि तो किती वेगात आला?

दोन्ही तळवे आधी बधिर झाले आणि बधिरपणा मोजे चढवल्यासारखा हळूहळू वर सरकला, तर शरीरातल्या सगळ्यात लांब नसा टोकाकडून खराब होत आहेत. डायबेटीस, दारू, व्हिटॅमिनची कमतरता, काही औषधं हे नेहमीचे संशयित. फक्त अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं? मग मनगटात नस दबलेली असते. करंगळी बधिर असेल तर कोपर बघायचं. कमरेखाली दोन्ही पाय जड आणि लघवीवरचा ताबाही गेला, तर मज्जारज्जू. शरीराची एकच बाजू अचानक गेली तर मेंदू.

वेगाचंही तसंच. काही सेकंदांत आलं तर रक्तवाहिनी किंवा फिट. काही तास ते काही दिवसांत वाढलं तर प्रतिकारशक्तीचा हल्ला किंवा क्षारांची गडबड. महिनोन् महिने हळूहळू चढलं तर व्हिटॅमिन, शुगर, थायरॉइड किंवा नसा झिजवणारे आजार. ही दोन उत्तरं नीट मिळाली की तपासण्यांची अर्धी यादी गळून पडते.

बी-१२ : हिमोग्लोबिन चांगलं, तरी नसा खराब

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा हुकणारं आणि सगळ्यात सोपं सापडणारं कारण हेच आहे. बी-१२ फक्त जिवाणू तयार करतात. ते मांस, मासे, अंडी यांतून मिळतं, दूध-दह्यातून थोडं मिळतं, पण पालेभाज्या आणि डाळींतून मिळत नाही. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो. त्यामुळे खाणं बदलल्यावर लक्षणं इतक्या उशिरा येतात, की दोन्हींचा संबंध कोणी जोडत नाही.

बी-१२ कमी झालं की नसांवरचं मायलिन नावाचं आवरण बिघडतं. मज्जारज्जूच्या मागच्या भागातून पायांची जागा मेंदूला कळवणाऱ्या तारा जातात, त्या लवकर मार खातात. म्हणून या पेशंटची एक ठरलेली तक्रार असते. बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. डोळे उघडे असतात तोवर नजर पायांची उणीव भरून काढते. डॉक्टर पाय जुळवून, डोळे मिटून उभं करतात आणि अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवून कंप जाणवतो का ते विचारतात. दोन मिनिटांची तपासणी आहे, पण गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जाते.

ॲनिमिया नसतानाही बी-१२ अभावी नसा खराब होऊ शकतात. त्यामुळे हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून ही शंका बाजूला ठेवता येत नाही. दुसरी अडचण फोलिक ॲसिडची. नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, बी-१२ ची कमतरता झाकली जाते आणि आत नसांचं नुकसान चालू राहतं. रक्तातली पातळी सीमारेषेवर आली तर होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड या तपासण्या जास्त खरं सांगतात.

शाकाहारी असणं हे एकच कारण मात्र नाही. डायबेटीसची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी ॲसिडिटीची गोळी, या दोन्हींमुळे बी-१२ कमी होतं. आतड्याचे आजार, वजनासाठी केलेलं पोटाचं ऑपरेशन हीसुद्धा कारणं आहेत. पर्निशस ॲनिमियात पेशंट मटण खात असला तरी पोट ते बी-१२ शोषूनच घेत नाही. हा आजार एकेकाळी जीवघेणा होता. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी पेशंटना रोज भरपूर कलेजी खायला घालून तो बरा करून दाखवला आणि १९३४ चं नोबेल त्यांना व्हिपल यांच्यासोबत मिळालं. त्या कलेजीतलं औषध म्हणजे बी-१२ हे १९४८ मध्ये कळलं.

तान्ह्या बाळांचीही एक बाजू आहे. आईत बी-१२ फार कमी असेल आणि सहा महिन्यांनंतरही बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असेल, तर काही बाळं फिकट पडतात, हसणं-बसणं विसरतात, हातपाय थरथरू लागतात. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना हे चित्र चांगलं ओळखीचं आहे. वेळेत ओळखलं तर उपचारही साधा आहे.

एक मात्र करू नका. टेस्टच्या आधीच मेडिकलमधून 'नसांच्या गोळ्या' आणून खाऊ नका. रिपोर्ट फसवा येतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत बी-६ असतं. ते मोठ्या डोसमध्ये फार काळ घेतलं तर त्यानेच हातपाय बधिर होतात.

जुलाब बरे झाले, आणि मग पाय गेले

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे पेशंट एकामागून एक सापडू लागले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. एरवी हा आजार वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पाण्याकडे बोट गेलं.

या जिवाणूचं कवच आणि आपल्या नसांवरचे काही रेणू दिसायला सारखे असतात. त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडीज नसांवरही तुटून पडतात. म्हणून जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पाय जड होतात, मग कमजोरी वर चढते, आणि काही जणांत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते. पहिल्या दिवसांत पाठीतल्या पाण्याची आणि नसांच्या वेगाची तपासणी, दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. त्या वेळी गुडघ्यावर मारायची छोटी हातोडी जास्त उपयोगी पडते, कारण पाय उडणं बंद झालेलं असतं. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपचार आहेत, स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. बहुतेक पेशंट पुन्हा चालू लागतात, पण काहींना त्यासाठी बरेच महिने लागतात.

याच्याशी गल्लत होणारं एक वेगळंच चित्र आहे. तरुण माणूस रात्री लग्नात भरपूर गोडधोड जेवून झोपतो आणि सकाळी त्याला उठताच येत नाही. शुद्ध आहे, बोलतोय, पण हातपाय हलत नाहीत. अशा वेळी रक्तातलं पोटॅशियम एकदम घसरलेलं असू शकतं. जास्त चालणारं थायरॉइड त्यामागे लपलेलं असतं, विशेषतः आशियाई पुरुषांत. हॉस्पिटलमध्ये पोटॅशियम दिलं की माणूस काही तासांत उठून बसतो. घरच्यांना हा चमत्कार वाटतो. पोटॅशियम खूप कमी झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात, त्यामुळे घरी वाट बघत बसायचं नाही.

कुष्ठरोग गेला, असं वाटतं

आनंदवनामुळे हा आजार मराठी माणसाला माहीत आहे, पण तो इतिहासजमा झाला असा समज आहे. जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतात सापडतात, वर्षाला साधारण एक लाख. अंगावर फिकट, संवेदना नसलेला चट्टा ही ओळखीची खूण. पण काही जणांत चट्टा येतच नाही, फक्त नस जाड होते आणि हाताचा किंवा पायाचा एक भाग बधिर होतो. चटका बसला तरी कळत नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण उशीर झाला तर गेलेली संवेदना परत येईलच असं नाही.

वेड लागलं, की मेंदूला सूज?

२००९ मध्ये न्यूयॉर्क पोस्टची पत्रकार सुझॅना कॅहलान हिला भास होऊ लागले, संशय येऊ लागला, फिट्स आल्या. मानसिक आजाराचाच संशय घेतला जात होता. डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिने सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. मेंदूच्या उजव्या बाजूला सूज आहे हे त्यावरून उमगलं. तिला अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस होता. डॉ. जोसेप डालमाऊ यांनी तो जेमतेम दोन वर्षं आधी, २००७ मध्ये मांडला होता. आजार दुर्मीळ आहे. पण धडधाकट तरुण मुलगी काही आठवड्यांत अचानक 'वेड्यासारखं' वागू लागली, सोबत फिट्स किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली असतील, तर देवऋषीकडे जाण्याआधी न्यूरोलॉजिस्ट गाठायला हवा.

फिट्सवरून आठवलं. 'कोबीतली अळी मेंदूत जाते' हा व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर आला असेल. दिसणारी अळी मेंदूत जात नाही. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात जो पट्टकृमी वाढतो, त्याची डोळ्यांना न दिसणारी अंडी विष्ठेतून हातांना, पाण्याला, भाजीला लागतात. ती पोटात गेली की त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूत गाठी करू शकतात. म्हणून आयुष्यात मांसाला हात न लावलेल्यालाही हे होतं, आणि भाजी कोबीच असायला पाहिजे असं काही नाही.

आणि खरंच काही 'सापडलं' नाही तर?

फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, म्हणजे एफएनडी. इथे नसा आणि मेंदूची रचना शाबूत असते, पण मेंदूकडून अवयवाला जाणारा हुकूम बिघडतो. हात खरंच उचलत नाही. पेशंट नाटक करत नसतो, आणि 'तुला काही झालेलं नाही' हे वाक्य त्याच्यासाठी सगळ्यात घातक असतं.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून एफएनडी, असं निदान करायचं नसतं. त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. १९०८ मध्ये हूवर यांनी सांगितलेली एक आजही वापरतात. पेशंटला झोपवून कमजोर पाय गादीत दाबायला सांगितला तर तो दाबला जात नाही. पण चांगला पाय वर उचलायला सांगितला, की तोच कमजोर पाय आपोआप जोरात दाबला जातो. पेशंटला हे दाखवून दिलं तर उलट धीर येतो, कारण ताकद आहे, फक्त तिच्यापर्यंत पोहोचायचं आहे. खास पद्धतीची फिजिओथेरपी आणि समुपदेशन यावर काम करतं. ताण हे कारण काहींत असतं, काहींत नसतं. आणि एकाच पेशंटला एफएनडी आणि खरी एपिलेप्सी दोन्ही असू शकतात.

रील्सचाही इथे थोडा संबंध आहे. कोविडच्या काळात अनेक देशांत किशोरवयीन मुली अचानक झटके आणि ओरडण्याच्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे आल्या. त्यातल्या अनेक जणी टिक्सचे व्हिडिओ बघत होत्या. त्यांचा त्रास खरा होता, पण तो नेहमीचा टुरेट सिंड्रोम नव्हता.

थांबायचं कधी नाही

चेहरा वाकडा होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, काही मिनिटांत थांबलं तरी १०८ ला फोन करा. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. वर चढणारी कमजोरी, श्वास लागणं, गिळता न येणं, लघवी अडणं, पहिलीच फिट, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, यांतही उद्याची वाट बघायची नाही.

बाकीच्यांनी डॉक्टरकडे जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या. त्रास कुठून सुरू झाला, किती दिवसांत कुठवर पोहोचला, महिनाभरात ताप-जुलाब झाले होते का, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. आयुर्वेदिक भस्मं आणि जिमचे डबेसुद्धा लिहा. शेतात फवारणी करत असाल तर तेही, कारण काही कीटकनाशकांचा नसांवरचा परिणाम विषबाधा उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. आणि त्रास झटक्यांचा असेल तर पेशंटला कुशीवर वळवून, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करून, घरातल्या कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढावा. डोळे उघडे होते की मिटलेले हे त्यात दिसलं पाहिजे. फिटच्या झटक्यात डोळे बहुतेक वेळा उघडे असतात, एफएनडीच्या झटक्यात बरेचदा घट्ट मिटलेले.