गाविलगड आणि वर्धेची सरहद्द

वऱ्हाडच्या उत्तरेस सातपुड्याची जी रांग तटासारखी उभी आहे, ती गाविलगडची. दक्षिणेस पूर्णेचें काळ्या मातीचें खोरें, उत्तरेस तापी. मध्यें कोरकूंचा मेळघाट. चिखलदऱ्याजवळील गाविलगडास दक्षिणेकडे तुटलेल्या कड्यांचें संरक्षण आहे. उत्तरेस मात्र तो पठाराशीं जोडलेला. हें मर्म ओळखून सन १८०३ च्या डिसेंबरांत कर्नल स्टीव्हन्सननें डोंगरांतून वाट काढीत तोफा उत्तरेस नेल्या. ता. १५ रोजीं वेलस्लीच्या फौजेनें गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. हाच वेलस्ली पुढें १८१५ त वॉटर्लूस नेपोलियनशीं लढला.

दोन दिवसांनीं देवगांवचा तह झाला. नवल हें कीं, गड नागपूरकर भोसल्यांकडेच राहिला. गडालगतचा मुलूखही राहिला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील बाकीच्या वऱ्हाडावरचा त्यांचा हक्क मात्र सुटून तो निजामास मिळाला. सिंदी मेघे ज्या पूर्वतीरावर वसलें आहे, तो प्रांत भोसल्यांकडे, आणि पैलतीर परमुलूख झाला. डोंगरावरील लढाईची किंमत अशी मैदानानें दिली. वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें तें १९०३ सालीं. तोंपर्यंत शंभर वर्षें एका भाषेच्या माणसांना नदी ओलांडतांच कारभार बदलत असे.