बुकेमधली फुलं वाळवून जपून ठेवणे

कॅनडात आपल्याकडची लग्नं बहुतेक रविवारी होतात. चार दिवसांनी बुके मान टाकू लागला की घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे येतो. "आजी, याचं काहीतरी करा ना!" पण तोवर उशीर झालेला असतो. पाकळीची कड एकदा तपकिरी पडली की ती वाळवल्यावर आणखी उठून दिसते. बुके ठेवायचाच असेल तर काम दुसऱ्याच दिवशी सुरू करावं. नाहीतर लग्नाआधीच घरात ठरवून घ्यावं की हे कोण करणार.

माझ्या आईनं तिच्या लग्नातला मोगऱ्याचा सेहरा ठाण्याच्या घरी पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करून ठेवला होता. पावसाळ्यानंतर डबा उघडला तर आत काळी बुरशी आणि कुबट वास, धड उरला तो दोराच. तिचं एवढंच चुकलं की फूल आतून ओलं असतानाच झाकण लावलं. फूल पुरतं वाळल्याशिवाय ते डब्यात, पिशवीत किंवा काचेआड ठेवायचं नाही, ही यातली मुख्य गोष्ट.

सर्वांत सोपी रीत म्हणजे उलटं टांगणं. खालची पानं काढून टाकावीत, चार-पाच देठांची सैल जुडी रबरबँडनं बांधावी (देठ आक्रसतात, दोरा सैल पडतो, रबर धरून ठेवतो) आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे टांगून ठेवावी. टोरोंटोचा हिवाळा इथं उपयोगी पडतो. हीटिंग चालू असलं की घरातली हवा इतकी कोरडी होते की आपले ओठ फुटतात, पण फुलं मात्र छान वाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये तसं होत नाही, आणि बेसमेंट तर बारा महिने दमट. तिथं टांगू नये. गुलाब, जिप्सोफिला, स्टॅटिस, लॅव्हेंडर असे वाळतात. ट्यूलिप आणि लिली या रीतीनं बिघडतात.

फुलाचा आकार जसाच्या तसा हवा असेल तर सिलिका जेल वापरावं. फुलांसाठी ते बारीक साखरेसारखं मिळतं. झाकणाच्या डब्यात दोन बोटं थर द्यावा, त्यात फूल तोंड वर करून उभं करावं, आणि चमच्यानं कडेकडेनं, पाकळ्यांच्या मध्ये दाणे जातील असं हळूहळू झाकत यावं. लहान फूल दोन-तीन दिवसांत होतं, भरगच्च गुलाबाला आठवडा लागतो. जास्त दिवस ठेवलं तर हात लावताच चुरा होतो. मऊ ब्रशनं दाणे झटकावेत. धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावावा, दमेकऱ्यांनी तर हे काम दुसऱ्याकडे द्यावं. ओलं झालेलं जेल ओव्हनमध्ये सुमारे 120 अंश सेल्सिअसवर तापवून पुन्हा वापरता येतं. त्याचा ट्रे आणि चमचा मात्र कायमचा वेगळा, कोशेर भांड्यांत परत न्यायचा नाही. निळ्या रंगाचे दाणे असतील तर त्यात बहुधा कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. घेऊच नयेत.

तिसरी रीत दाबण्याची, आणि कॅनडात तिला मोठी परंपरा आहे. कॅथरीन पार ट्रेल ही बाई 1832 साली इंग्लंडहून ऑन्टारिओच्या जंगलात येऊन राहिली. मुलंबाळं, गरिबी सगळं सांभाळून तिनं रानफुलं गोळा केली, दाबली, त्यांच्याबद्दल लिहिलं. 1868 च्या तिच्या रानफुलांच्या पुस्तकातली चित्रं तिची भाची ॲग्नेस फिट्झगिबन हिनं काढली. ट्रेलबाईंनी दाबलेली झाडंफुलं आज कॅनेडियन म्युझियम ऑफ नेचरच्या संग्रहात आहेत. शंभर वर्षांहून जास्त टिकली, ती टीपकागद, वजन आणि कोरडी जागा एवढ्यावर! त्याच शतकाच्या शेवटी जेरुसलेमला जाणारे यात्रेकरूही ऑलिव्हच्या लाकडाच्या पुठ्ठ्यांत बांधलेली, दाबलेल्या फुलांची छोटी पुस्तकं आठवण म्हणून घरी नेत. दाबण्यासाठी टीपकागद किंवा साधा छापील नसलेला कागद घ्यावा. पेपर टॉवेलची नक्षी पाकळीवर उठते. पहिला आठवडा कागद रोज बदलावा. पूर्ण वाळायला तीन-चार आठवडे लागतात. जाड गुलाब अख्खा दाबू नये. त्याच्या पाकळ्या सुट्या करून दाबाव्यात.

रंगाबद्दल आधीच सांगून ठेवावं, म्हणजे नातीचा हिरमोड होत नाही. लाल गुलाब काळपट मरून होतो. पांढरा गुलाब हस्तिदंती होतो. मोगरा कुठल्याही घरगुती रीतीनं पांढरा राहत नाही, तपकिरी पडतो. म्हणून सेहऱ्याची फुलं जपायची तर त्यातल्या गुलाबाच्या पाकळ्या घ्याव्यात आणि मोगऱ्याचा एक-दोन कळ्यांचा तुकडा तपकिरी असला तरी ठेवावा. झेंडू मात्र पिवळा-केशरी बराच काळ राहतो.

फ्रेम करताना फुलाला काच टेकू देऊ नये. फ्रेम खिडकीसमोर लावू नये, ऊन रंग खातं. वाळलेल्या फुलांत बारीक भुंगेरे होतात. भुकटी पडलेली दिसली तर फूल पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावं आणि बाहेर काढल्यावर फ्रीझरची थंडी जाईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर पाणी सुटतं. वर्षानुवर्षं ठेवायचा अख्खा बुके फ्रीझ-ड्राय करून देणारेही असतात, पण त्यांना काही आठवडे लागतात आणि बुकिंग लग्नाआधीच करावं लागतं. रेझिनमध्ये ओतलेली फुलं दिसतात सुरेख. काही वर्षांनी रेझिन पिवळं पडू शकतं, आणि आत ओलसरपणा राहिला तर फूल आतच कुजतं.

भारतातल्या घरातून जुनी वाळकी फुलं आणताना ती कस्टम्सच्या कागदावर लिहावीत. वनस्पतीचं काहीही कॅनडात आणताना सांगावं लागतं.

आणि एक गोष्ट. वाळलेली फुलं कागदासारखी पेटतात. कित्येक घरांत लग्नाचा बुके आणि शब्बाथचे दिवे एकाच कपाटावर शेजारी असतात, दिसायला छान दिसतं म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायच्या आधी बुके दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.