एसीचा 'टन' आला कुठून?

आपल्या सोसायटीत आता घरोघरी एसी आहेत. पण 'दीड टन' हे त्याचं वजन नव्हे. यंत्रं नव्हती तेव्हा गारवा बर्फाचाच. 1833 साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजानं बर्फ कलकत्त्याला आला, पुढे मुंबईतही. मग यंत्रं आली, तीही बर्फावरच मोजली गेली: 2000 पौंड, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ताकद म्हणजे एक टन.

म्हणून शेजाऱ्यांचा एसी बघून आपला ठरवू नये. तापणारा स्लॅब, पश्चिमेची खिडकी, घरातली माणसं, सगळं आधी मोजावं. गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली पटकन गार करून थांबतं. दमटपणा तसाच राहतो. बँकेत कर्जाची रक्कमही आम्ही गरज तपासूनच ठरवत असू.