मराठवाडा : पोलीस कारवाईनंतरचा अल्पसंख्याक प्रश्न

हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने संपुष्टात आल्यानंतर मराठवाड्यातील मुस्लिम समाजाची सुरक्षितता, उपजीविका, भाषा व राजकीय प्रतिनिधित्व यांविषयी उद्भवलेला प्रश्न. तत्कालीन उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील लातूर आणि नांदेड व बीदर जिल्ह्यांचा परिसर येथे त्याचे स्वरूप विशेष तीव्र होते. बहुसंख्याकांवरील अन्यायाचे निवारण होत असतानाच एक नवा अल्पसंख्याक समाज कसा असुरक्षित होतो, याचे हे भारताच्या आधुनिक इतिहासातील महत्त्वाचे उदाहरण होय.

पार्श्वभूमी : १९४१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सु. १ कोटी ६३ लक्ष होती. तीत मुसलमानांचे प्रमाण सु. एक-अष्टमांश होते. संस्थानात तेलंगणाचे ८, मराठवाड्याचे ५ व कर्नाटकाचे ३ असे एकूण १६ जिल्हे होते. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी असली, तरी राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. शासकीय नोकऱ्यांत, विशेषतः वरिष्ठ अधिकारपदांवर, मुसलमानांचे प्राबल्य होते. मात्र हा अधिकारी व जहागीरदार वर्ग संख्येने लहान होता. खेड्यापाड्यांतील बहुसंख्य मुसलमान हे विणकर, पिंजारी, बागवान, शेतमजूर किंवा लहान शेतकरी होते. त्यांची बोली, पेहराव, जत्रा व उरूस यांतील सहभाग पाहता ते हिंदू शेजाऱ्यांच्या फार निकट होते. पुढील घटनांचा अर्थ लावताना हा वर्गभेद ध्यानात घ्यावा लागतो.

१९२७ मध्ये स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेने संस्थानची सार्वभौम सत्ता मुस्लिम समाजात अधिष्ठित आहे, असा सिद्धांत मांडला. बहादूर यार जंग यांच्या निधनानंतर (१९४४) काही काळातच संघटनेची सूत्रे लातूर येथे वकिली करणारे कासिम रझवी यांच्याकडे गेली व तिच्या रझाकार या स्वयंसेवक दलाचा विस्तार झाला. दुसरीकडे १९३८ मध्ये स्थापन झालेल्या व तत्काळ बंदी घातल्या गेलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली जबाबदार राज्यपद्धती आणि भारतात विलीनीकरण यांसाठी लढा उभारला. नांदेड जिल्ह्यातील कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची १९४६ मध्ये हत्या झाली. जानेवारी १९४८ मध्ये आंदोलकांनी याच जिल्ह्यातील उमरी येथील बँक लुटून लढ्यासाठी निधी मिळविला. रझाकारांचे हल्ले, लूट व जाळपोळ यांमुळे सीमेवरील अनेक कुटुंबे शेजारच्या मुंबई व मध्य प्रांतांत निर्वासित म्हणून गेली. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा या गावी मोठे हत्याकांड झाले. रझाकारांचा विरोध करणाऱ्या मुसलमानांचीही गय झाली नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये झालेली हत्या ही त्याची ठळक साक्ष होय.

पोलीस कारवाई व तिचे पडसाद : भारतीय सैन्य १३ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानात शिरले व १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची लष्करी राज्यपाल म्हणून नेमणूक झाली. प्रत्यक्ष लढाई पाच दिवसांत संपली. तथापि जुने प्रशासन कोसळले आणि नवे अद्याप स्थिरावले नव्हते, अशा अवस्थेत अनेक जिल्ह्यांत सूडाची लाट उसळली. रझाकारांचे बहुतेक पुढारी अटकेत तरी होते किंवा पळून तरी गेले होते; त्यामुळे सूडाचे घाव प्रामुख्याने ज्यांचा सत्तेशी दूरान्वयानेही संबंध नव्हता, अशा सामान्य मुसलमानांवर पडले.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या पुढाकाराने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे सद्भावना मंडळ नोव्हेंबर–डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात आले. त्याने १६ पैकी ९ जिल्ह्यांचा दौरा केला. त्याच्या अहवालात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पीडित म्हणून नोंदविलेले असून तेथील मृतांची संख्या किमान १८,००० असावी, असा अंदाज दिला आहे. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर), बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांसाठी तो किमान ५,००० असा आहे. संपूर्ण संस्थानातील मृतांचा मंडळाचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा होता. लातूर हे रझवी यांचे गाव आणि त्याचबरोबर संपन्न कच्छी मुस्लिम व्यापाऱ्यांची मोठी पेठ. तेथे सु. वीस दिवस हिंसाचार चालला, सु. १०,००० मुसलमानांपैकी जेमतेम ३,००० शिल्लक राहिले, एक हजारांहून अधिक मारले गेले व उरलेले परागंदा झाले, असे मंडळास आढळले. लूटमार, स्त्रियांचे अपहरण, सक्तीचे धर्मांतर तसेच घरे व जमिनी बळकावणे यांच्याही नोंदी अहवालात आहेत. काही ठिकाणी सैनिक व पोलीस यांचा लुटीत सहभाग होता, असे त्यात म्हटले आहे. त्याचबरोबर अनेक सैनिकी अधिकाऱ्यांनी शिस्त राखून मुसलमानांचे रक्षण केल्याचेही नमूद आहे. जिवावर उदार होऊन मुस्लिम शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचा, विशेषतः मुस्लिम विणकरांसाठी लढलेल्या हिंदू विणकरांचा, उल्लेख त्यात आदराने केलेला आहे.

हे मंडळ न्यायालयीन चौकशी आयोग नव्हते. त्याचे आकडे साक्षींवर व प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेले अंदाज होते व त्यांविषयी मतभेद आहेत. गृहमंत्री सरदार वल्लभभाई पटेल यांनी मंडळाच्या कार्यास आक्षेप घेतला आणि अहवाल प्रसिद्ध झाला नाही. पुढे त्यातील काही भाग अभ्यासकांनी उजेडात आणला, ए. जी. नूरानी यांच्या २०१३ मधील ग्रंथामुळे तो सर्वसामान्य वाचकांपुढे आला. रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरची सूडाची हिंसा या दोहोंची एकत्रित व खुली चौकशी मात्र झाली नाही.

हक्कांची नवी चौकट : २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाने संस्थानातील सर्व प्रजाजनांना समान नागरिकत्व दिले. निजाम राज्याचा राजप्रमुख झाला. १९५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने निवडणुका होऊन बूर्गुल रामकृष्णराव यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. अनुच्छेद २९ व ३० यांन्वये अल्पसंख्याकांना भाषा, लिपी व संस्कृती जपण्याचा, तसेच स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क मिळाला. कायद्यापुढील हे स्थान निःसंदिग्ध होते. आर्थिक स्थित्यंतर मात्र वेगळ्या दिशेने घडले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. त्या मूलतः सरंजामी शोषणाविरुद्धच्या सुधारणा असल्या, तरी जहागीरदारांबरोबर त्यांच्या आश्रयाने जगणारे शिपाई, कारकून व कारागीर निराधार झाले. शासकीय सेवांची पुनर्रचना झाली आणि शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणले गेले. नोकरी हा ज्या वर्गाचा मुख्य आधार होता, त्याची त्यामुळे मोठी हानी झाली. सुशिक्षितांपैकी अनेकजण हैदराबाद शहरात, तर काही पाकिस्तानात गेले. मागे राहिलेल्या समाजाला नेतृत्वाची उणीव दीर्घकाळ जाणवली.

भाषिक राज्यरचना आणि उर्दू : १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला, तर आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका नांदेड जिल्ह्याला जोडण्यात आला. मराठी भाषकांच्या दृष्टीने हा दीर्घ अन्यायाचा शेवट होता. मराठी ही न्यायालयाची, शाळेची व कचेरीची भाषा झाली. उर्दूला मात्र स्वतःचा असा प्रदेश नव्हता. हैदराबाद राज्यात एकत्र असलेला उर्दू भाषक समाज तीन राज्यांत विभागला गेला आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे बळ घटले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क द्वारा प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीची तरतूद केली. नांदेड, लातूर, उदगीर इ. ठिकाणी उर्दू शाळा टिकल्या. परंतु उर्दू माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे मराठीतून चालणाऱ्या प्रशासनात प्रवेश कसा मिळवावा, हा प्रश्न कायम राहिला. १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उर्दू साहित्य अकादमी स्थापन केली. नांदेड येथील शीख समाजाच्या बाबतीत १९५६ च्या स्वतंत्र अधिनियमाने सचखंड गुरुद्वाराच्या व्यवस्थापनाची रचना ठरविली गेली. अल्पसंख्याक संस्थेला विशिष्ट वैधानिक स्थान देण्याचे ते एक उदाहरण होय.

राजकीय वाटचाल : रझवी यांना कारावासाची शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटका झाल्यावर ते पाकिस्तानात गेले. त्याच सुमारास अब्दुल वाहिद ओवैसी यांनी मजलिसचे हैदराबाद येथे नव्या घटनेनुसार पुनरुज्जीवन केले. मराठवाड्यातील मुसलमान मात्र प्रदीर्घ काळ प्रामुख्याने काँग्रेसबरोबर राहिले. औरंगाबादहून १९६२ मध्ये विधानसभेवर निवडून आलेले रफीक झकेरिया राज्याचे मंत्री झाले. १९८० नंतरच्या दशकात मराठवाड्यात हिंदुत्ववादी राजकारणाचा विस्तार झाला, तेव्हा ‘रझाकार’ हा शब्द प्रचारात पुन्हा अवतरला व १९४८ नंतर जन्मलेल्या पिढ्यांनाही तो लावला जाऊ लागला. २०१२ मध्ये नांदेड-वाघाळा महानगरपालिकेत मजलिसने ११ जागा जिंकल्या. २०१७ मध्ये तिला तेथे एकही जागा मिळाली नाही. दरम्यान न्या. राजिंदर सच्चर समिती (२००६) आणि महाराष्ट्र शासनाचा महमूदुर रहमान अभ्यासगट (२०१३) यांनी मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक व आर्थिक मागासलेपणाकडे लक्ष वेधले. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड व लातूर या जिल्ह्यांत मुसलमानांचे प्रमाण सु. १४ ते १५ टक्के होते.

तुलना : यादवीनंतरच्या अल्पसंख्याक प्रश्नाचे अलीकडील उदाहरण श्रीलंकेतील तमिळांचे आहे. ज्या १९५६ मध्ये भारताने भाषावार राज्यरचना केली, त्याच वर्षी श्रीलंकेने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरविली. १९८३ मध्ये पेटलेले तेथील युद्ध मे २००९ मध्ये संपले. उत्तर व पूर्व भागांतील तमिळांची प्रादेशिक स्वायत्ततेची मागणी होती. मराठवाड्यातील मुसलमानांची तशी मागणी नव्हती आणि पूर्वीच्या राज्यकर्त्यांशी त्यांचे नाते जोडले जात असे. हा भेद मूलभूत आहे. तथापि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा २०११ चा अहवाल, श्रीलंकेच्या स्वतःच्या आयोगाचा त्याच वर्षीचा अहवाल व बेपत्ता व्यक्तींसाठी २०१६ मध्ये केलेला कायदा यांमुळे तेथे मृतांचा व हरवलेल्यांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत राहिला, जरी त्याची सोडवणूक अपुरी असली. मराठवाड्यात नागरी हक्क तत्काळ मिळाले, परंतु मृतांची मोजदाद मात्र दप्तरात बंद राहिली.

मूल्यमापन : १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो व निजामी राजवटीविरुद्ध लढलेल्यांची स्मृती त्यायोगे उचितपणे जपली जाते. त्याच घटनेला सर्वसामान्य बोलीत ‘पोलीस ॲक्शन’, तर उर्दू लेखनात हैदराबादचे ‘सुकूत’ म्हणजे पतन असे म्हणतात. ही तीन नावे तीन भिन्न अनुभवांची निदर्शक आहेत. विलीनीकरण आवश्यक व न्याय्य होते, याने त्यानंतरच्या हत्यांचे समर्थन होत नाही. तसेच त्या हत्यांमुळे रझाकारांच्या अत्याचारांचे गांभीर्यही कमी होत नाही. सार्वजनिक व विश्वसनीय नोंदीच्या अभावी दोन्ही समाजांनी आपापले दुःख घरगुती आठवणींत जपले आणि दुसऱ्याचे दुःख अतिशयोक्ती मानले. संविधानाने हक्कांची हमी दिली, पण परस्पर विश्वासाला आधार देणारी सत्याची सामायिक नोंद निर्माण झाली नाही. या प्रदेशातील अल्पसंख्याक प्रश्नाचा सर्वांत दीर्घकाळ टिकलेला अंश तोच होय.