शहराची दाटी आणि डोंगराचे देणे

सन २०१८ च्या मार्च महिन्याची ६ तारीख. नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी पायी मुंबईकडे निघाले. त्यांत सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी ह्या तालुक्यांतील माणसांचा भरणा मोठा होता. वनजमिनीचा हक्क मिळावा आणि डोंगरातले पाणी परस्पर दुसरीकडे वळवले जाऊ नये, ह्या त्यांच्या मागण्यांपैकी प्रमुख होत्या. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ तारखेस ते मुंबईत पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी आझाद मैदानाकडे कूच करावयाचे होते. परंतु दहावीच्या परीक्षा चालू होत्या. आपल्यामुळे रस्ते अडून शहरातील लेकरांचा पेपर चुकू नये, म्हणून दिवसभर चालून थकलेली ती माणसे रात्रीच पुन्हा उठली आणि पहाटेपूर्वी मैदानात जाऊन बसली. अनेकांच्या पायांना फोड आले होते. मुंबईकरांनी कुठे पाणी दिले, कुठे बिस्किटे, कुठे पायताणे.

डोंगरातील माणसाने शहराच्या सोयीचा विचार केला. शहराने डोंगराचा विचार कधी, किती केला? दाट वस्तीच्या शहरात माणसाचे जीवन कसे सुधारावे हा आजचा मोठा प्रश्न मानला जातो. त्याचे उत्तर शोधताना मुंबईचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास आणि सुरगाण्याची वाट ह्या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या, तर काही बोध हाती लागेल असे वाटते.

सुरगाणा हे नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाचे, गुजरातच्या सीमेला टेकलेले गाव. स्वातंत्र्यापूर्वी ते देशमुख घराण्याच्या लहानशा संस्थानाची राजधानी होते; १९४८ साली ते संस्थान विलीन झाले. कोकणा, महादेव कोळी, वारली ह्या जमातींची येथे वस्ती. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखे कोसळते. नार, पार ह्या नद्या दुथडी भरून पश्चिमेकडे गुजरातेत जातात आणि समुद्रास मिळतात. नागली, वरई, भात एकदा घरात आले की पाणी आटते, काम आटते आणि घरेच्या घरे दाराला कडी लावून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे, नाशिकच्या बांधकामांकडे निघतात. शहराची दाटी वाढते ती अशा बंद केलेल्या दारांमुळे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आता मुंबईकडे वळू. १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात एका रुग्णाला तपासण्यासाठी डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्यांना पाचारण करण्यात आले. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले हे ख्रिस्ती डॉक्टर नगरपालिकेचेही सदस्य होते. तापाने फणफणलेल्या रोग्याच्या अंगावरील गाठ पाहून ही ग्रंथिज्वराची, म्हणजेच प्लेगची साथ असल्याचे त्यांनी ओळखले आणि ते उघडपणे सांगितले. बंदराच्या शहरात असे निदान जाहीर करणे सोपे नव्हते. व्यापार बसेल, जहाजे थांबतील, अशी भीती होती. परंतु निदान खरे ठरले. पुढील काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून पळाली. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. १८९७ च्या जानेवारीत डॉ. हाफकीन ह्यांनी आपली लस प्रथम स्वतःच्या देहावर टोचून घेतली. डॉ. व्हिएगस पुढे १९०६ मध्ये मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाजवळ, मेट्रो चित्रपटगृहानजीक त्यांचा पुतळा आजही उभा आहे. रोज हजारो माणसे त्याच्याजवळून लगबगीने निघून जातात.

त्या काळाची आणखी एक खूण आपल्या गावठाणांत सापडते. वांद्रे, गिरगावची खोताची वाडी आणि इतर जुन्या ख्रिस्ती वस्त्यांमधून रस्त्याच्या कडेला जे क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक ह्या साथीच्या वर्षांत उभारले गेले. संकटनिवारणासाठी केलेली ती प्रार्थना होती. सायंकाळी त्या क्रुसाभोवती शेजारी जमत. ज्या काळी प्रत्येक दार शेजाऱ्याला भिऊन बंद होत होते, त्या काळी एकत्र उभे राहण्याची एक जागा त्या क्रुसांनी दिली, हे त्यांचे सामाजिक मोल विसरता येत नाही.

सरकारने मात्र वेगळा मार्ग धरला. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना अमर्याद सत्ता दिली. घरोघर झडत्या झाल्या, सामान जाळले गेले, रोग्यांना कुटुंबापासून तोडून नेण्यात आले. लोक रोगापेक्षा तपासनिसाला अधिक भिऊ लागले आणि आजारी माणसाला लपवू लागले. मार्च १८९८ मध्ये तर शहरात दंगल उसळली. माणसाच्या भल्यासाठी केलेले कामही त्याचा मान राखून केले नाही तर उलटते, हा ह्या साथीचा पहिला धडा होय.

ह्या पार्श्वभूमीवर १८९८ साली मुंबईत 'सुधारणा विश्वस्त मंडळ' स्थापन झाले. ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ ह्या नावाने जुने मुंबईकर त्याला ओळखत. दाट वस्त्या मोकळ्या करणे, रुंद रस्ते काढणे आणि कामकऱ्यांसाठी आरोग्यदायी चाळी बांधणे ही त्याची उद्दिष्टे. नागपाड्याची वस्ती पाडून नव्याने आखली गेली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते जुन्या घरांच्या गर्दीतून कापून काढण्यात आले. उत्तरेस दादर, माटुंगा, शीव ह्या भागांची आखणी झाली, आणि आज ज्या मोकळ्या, सावलीच्या रस्त्यांचे आपण कौतुक करतो ते त्यातून साकारले.

ह्या मंडळाने मांडलेला एक नियम आजही विचार करण्याजोगा आहे. खोलीत उजेड व वारा यावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांचा कोन ठरविण्यात आला. ह्याचा साधा अर्थ असा की समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असू नये. तसे झाले तरच तळमजल्यावरील खिडकीतून आकाशाचा तुकडा दिसेल. गंमत अशी की प्लेग दूषित हवेने पसरतो ही त्या काळची समजूत चूक होती. तो उंदरावरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत दाखविले होते. ते सर्वमान्य होण्यास मात्र काही वर्षे लागली. कारण चुकले, तरी उपाय वाया गेला नाही. अंधाऱ्या खोलीत वाढणाऱ्या क्षयरोगाला उजेड आणि वारा ह्यांइतका शत्रू दुसरा नाही.

असे असूनही मंडळाचे मूळ कार्य फसले. पहिल्या दशकात त्याने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. पाडलेल्या घरांतील माणसे नव्या चाळीत गेली नाहीत. तेथील भाडे आणि गिरणीपासूनचे अंतर त्यांना झेपत नव्हते. ती शेजारच्या गल्लीत शिरली आणि तेथे दाटी अधिक झाली. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईची सुमारे दोन तृतीयांश माणसे एकाच खोलीच्या बिऱ्हाडांत राहत असल्याचे आढळले. अनेक खोल्यांत तर कामगार पाळीपाळीने झोपत. एकाची पाळी संपली की दुसरा त्याच वळकटीवर अंग टाकी. रस्ता रुंद झाला होता, पण जगणे अरुंदच राहिले होते.

१९२० साली दुसरा प्रयत्न झाला. 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापन होऊन वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीस १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. ह्याच त्या बी. डी. डी. चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. गिरण्यांपासून दूर आणि भाडे जास्त, म्हणून प्रारंभी पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. पुढे त्याच चाळींत माणसांनी व्याख्यानमाला, भजनी मंडळे, व्यायामशाळा आणि शेजारधर्म फुलविला. काँक्रीटची ती ओबडधोबड पेटी माणसांनी घर केली. शंभर वर्षांनी त्यांचा पुनर्विकास होऊन २०२५ साली वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. रहिवाशांना दूर न हुसकता त्याच जागी मोठे घर द्यावयाचे, ही ह्या योजनेतील जमेची बाजू. उंच इमारतींच्या दाटीत खालच्या खिडकीला आकाश दिसते की नाही, हे मात्र साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आठवून तपासावे लागेल.

सरकारी योजनांच्या शेजारी लोकांनी स्वतः केलेले प्रयत्नही नोंदवायला हवेत. १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वत समाजाने आणि १९१८ मध्ये वांद्र्यास साष्टीच्या कॅथॉलिकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केल्या. थोड्या पगाराच्या माणसांनी एकत्र येऊन घर बांधण्याची वाट ह्या संस्थांनी दाखविली. त्याहून साधी सोय म्हणजे धोबीतलाव-माझगाव भागांतील गोवेकरांचे कूड. जहाजावर चाकरी करणारा खलाशी दोन बोटींच्या मधल्या दिवसांत येथे येई. भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, समोर वेदी, संध्याकाळी सर्वांची मिळून रोझरी. जागा तोकडी होती, पण नियम ठरलेले होते आणि गावाचे नाव सोबत होते. दाटीतही माणूस माणसासारखा राहू शकतो, मात्र त्याला कोणाचा तरी म्हणून ओळखणारे कोणी असावे लागते.

खोलीनंतरचा प्रश्न पाण्याचा, आणि येथे पुन्हा डोंगर आपल्यासमोर येतो. १८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबईत आले. पाणी आले, परंतु ते वाहून नेणारी गटारे मागे राहिली; जमीन ओलसर झाली आणि रोगराई हटली नाही. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, असे शहर पाण्यासाठी पुढे पुढे सरकत गेले. स्वातंत्र्यानंतर वैतरणा नदीवर मोडकसागर झाला. १९७० च्या दशकात मुंबईची तहान नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातील अप्पर वैतरणेपर्यंत पोहोचली. पुढे भातसा आले आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. ज्या शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांतून ही जलवाहिनी निघते, तेथील बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन मैलभर चालतात. वाहिनीचे पाणी त्यांच्या पाड्याजवळून जाते. त्यांच्या अंगणात थांबत नाही.

शहराच्या आतही हीच विषमता आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सव्वा कोटीच्या जवळपास लोकसंख्येपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहत होती. घर बेकायदा म्हणून नळ नाही, हा नियम वर्षानुवर्षे चालला. शेवटी डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. घर अधिकृत नाही म्हणून कोणाला तहानलेले ठेवता येणार नाही. प्लेगच्या काळात माणसाकडे रोगाचे भांडे म्हणून पाहणाऱ्या शहरात हा निकाल लागला, ही फार मोठी वाटचाल होय.

आता सुरगाण्याकडे परत येऊ. २०२२ हे वर्ष ह्या तालुक्यासाठी विलक्षण ठरले. पार-तापी-नर्मदा ह्या नदीजोड प्रकल्पात नाशिक जिल्ह्यातील धरणाचाही समावेश होता. दक्षिण गुजरातेतील आदिवासींनी प्रखर विरोध केल्यावर त्या वर्षी गुजरात सरकारने तो प्रकल्प सोडून देत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरील काही गावांनी, रस्ते, पाणी, दवाखाना ह्या सोयी मिळत नसतील तर आम्हांस गुजरातेत जाऊ द्या, अशी मागणी केली. राज्यभर खळबळ उडाली. रागावण्याआधी त्या मागणीचा अर्थ समजून घ्यावयास हवा होता. आपल्या घरात राहून माणसासारखे जगता यावे, एवढेच ती गावे मागत होती.

दाट शहरातील जीवनमान सुधारण्याचा प्रश्न मांडवीच्या अंधाऱ्या खोलीत जितका आहे, तितकाच सुरगाण्याच्या कडी लावलेल्या दारात आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत ज्या ज्या वेळी शहराने गरीब माणसाला उचलून बाजूला ठेवले, त्या त्या वेळी दाटी दुसऱ्या गल्लीत जाऊन बसली. ज्या वेळी त्याला उजेडाची खिडकी, हक्काचा नळ, परवडेल असे भाडे आणि ओळखणारा शेजार मिळाला, त्या वेळी शहर खरोखर सुधारले. आणि डोंगरात बारमाही पाणी व बारमाही काम मिळाले, तर पोट भरण्यासाठी गाव सोडून दाटीत शिरण्याची पाळी पुष्कळांवर येणारच नाही.

आपल्या धर्मग्रामांतूनही ह्या प्रश्नाची सुरुवात करता येईल. नाशिकच्या बांधकामावर वा द्राक्षबागेत प्लास्टिकच्या पालात राहणारे कुटुंब कोठून आले, त्यांची मुले शाळेत जातात का, त्यांना पिण्याचे पाणी कोण देते, एवढे तरी आपण विचारू शकतो. त्या मार्चच्या रात्री सुरगाण्याच्या माणसांनी आपल्या मुलांच्या परीक्षेची काळजी वाहिली होती. त्यांच्या मुलांच्या परीक्षेची काळजी वाहण्याची पाळी आता आपली आहे.