पसंतीक्रमाची कुळकथा

भारतात एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी धडपडणाऱ्या मुलांच्या घरी मार्च महिन्यात एकच प्रश्न असतो: ‘मॅच झाली का?’ उमेदवार रुग्णालयांची यादी पसंतीक्रमाने देतो, रुग्णालयं उमेदवारांची देतात. या याद्यांवरून संगणक जोड्या लावतो आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कोण कुठे जाणार ते जाहीर होतं. ही पद्धत १९५२ साली सुरू झाली आणि तिला योग्य वळण लागलं ते विद्यार्थ्यांच्या आग्रहामुळे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत इंटर्नच्या जागा भरपूर आणि नवे डॉक्टर कमी होते. चांगली मुलं दुसऱ्याने उचलण्याआधी आपण गाठावीत म्हणून रुग्णालयं दरवर्षी आणखी लवकर विचारणा करू लागली. १९४०च्या दशकात ही घाई इतकी वाढली, की पदवीला दोन वर्षं असतानाच जागा ठरू लागल्या. मुलगा पुढे कसा निघेल हे रुग्णालयाला ठाऊक नसे आणि आपल्याला शस्त्रक्रिया आवडेल की बालरोग, हे त्या मुलालाही उमगलेलं नसे.

१९४५ साली वैद्यकीय महाविद्यालयांनी ठरवलं, की नेमलेल्या तारखेआधी कुणाचं गुणपत्रक किंवा शिफारसपत्र बाहेर द्यायचं नाही. घाई थांबली, पण ओढाताण दुसरीकडून सुरू झाली. दुसऱ्या पसंतीच्या रुग्णालयाकडून बोलावणं आलेलं असे आणि पहिल्या पसंतीचं उत्तर यायचं असे. विचार करायला सुरुवातीला दहा दिवस मिळत. ही मुदत आकसत गेली आणि १९४९ साली बारा तासांचा प्रस्ताव आला, तेव्हा रुग्णालयांच्या संघटनेने तोही फार लांब मुदतीचा म्हणून नाकारला.

तेव्हा सगळ्यांच्या याद्या एका ठिकाणी गोळा करायचं ठरलं. मात्र १९५१ साली मांडलेल्या पहिल्या आराखड्यात खोट होती. ज्या विद्यार्थ्याने आणि रुग्णालयाने एकमेकांना सर्वांत वर ठेवलं असेल, त्यांच्या जोड्या त्यात आधी लागत. एखाद्याने अवघड रुग्णालय पहिल्या क्रमांकावर लिहिलं आणि ते हुकलं, तर त्याच्या दुसऱ्या पसंतीची जागा तोवर दुसऱ्याला गेलेली असे, मग त्या रुग्णालयाला तोच अधिक हवा असला तरीही. म्हणजे मनातली पसंती खरी लिहिणाऱ्यालाच धोका होता. हार्वर्डचा विद्यार्थी हार्डी हेंड्रेन आणि त्याच्या सोबत्यांनी हे हेरलं, देशभरच्या विद्यार्थ्यांना जमवलं आणि आराखडा बदलण्याची मागणी केली. आराखडा आखणाऱ्या समितीने ती मानली. १९५२च्या पहिल्या मॅचमध्ये सुमारे सहा हजार पदवीधरांसाठी दहा हजारांहून अधिक जागा होत्या आणि पसंतीच्या कार्डांची छाननी यंत्राने झाली. हेंड्रेन पुढे बालशल्यचिकित्सक म्हणून नावारूपाला आले.

याच प्रश्नाचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी १९६२ साली स्वतंत्रपणे मांडलं. उमेदवार पहिल्या पसंतीला विचारतो. रुग्णालय त्याला तात्पुरता धरून ठेवतं आणि नंतर अधिक पसंतीचा आला तर सोडतं. सुटलेला उमेदवार यादीतल्या पुढच्या रुग्णालयाला विचारतो. हे थांबतं तेव्हा आपापली जागा सोडून परस्पर संधान बांधावं असं वाटणारी एकही जोडी उरत नाही. रुग्णालयांची १९५२ सालापासूनची पद्धत मुळात हीच आहे, हे अर्थशास्त्रज्ञ अॅल्विन रॉथ यांनी १९८४ साली दाखवून दिलं. २०१२ साली रॉथ आणि शेपली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, गेल त्याआधी २००८ साली वारले होते.

फरक एवढाच होता, की जुन्या पद्धतीत विचारण्याचा पहिला हक्क रुग्णालयांचा होता, त्यामुळे बारीकसारीक झुकतं माप त्यांना मिळे. विद्यार्थ्यांनी १९९०च्या दशकात यावर पुन्हा प्रश्न उपस्थित केले. रॉथ आणि इलियट पेरान्सन यांनी नवी रचना केली आणि १९९८पासून विचारणा उमेदवाराकडून सुरू झाली. हजारात जेमतेम एकाची जागा यामुळे बदलणार होती, तरीही हा बदल केला गेला, हे मला फार मोलाचं वाटतं. एकाच ठिकाणी जागा हव्या असलेल्या डॉक्टर नवरा-बायकोचा प्रश्नही असाच सुटला. आधी दोघांपैकी एकाला मुख्य ठरवावं लागे आणि दुसऱ्याने त्याच्यामागे जायचं. १९८३पासून त्यांना जागांच्या जोड्यांचाच पसंतीक्रम देता येतो.

खोट असलेली पद्धत कशी मोडते, याचा दाखला ब्रिटनमध्ये मिळाला. न्यूकॅसल आणि बर्मिंगहॅम इथे पहिल्या पसंतीच्या जोड्या आधी लावणारी पद्धत आणली गेली. लोक यादीबाहेर परस्पर ठरवू लागले आणि ती मोडीत निघाली. एडिंबरा आणि कार्डिफ इथे परस्पर संधानाला वाव न ठेवणाऱ्या पद्धती टिकल्या.

आपल्याकडे नीट-पीजीनंतर हजारो तरुण डॉक्टर असाच पसंतीक्रम भरतात. आपली रचना वेगळी आहे, इथे गुणवत्ता यादी आणि आरक्षण यांवर जागा ठरते. पण कसोटी तीच लावावी: खरी पसंती लिहिणाऱ्याचं नुकसान होतं का? होत असेल, तर दोष विद्यार्थ्याच्या अंदाजाचा नसून नियमाचा आहे. प्रवेशफेऱ्यांचे नियम ठरवणाऱ्यांनी ते आधी जाहीर करावेत, विद्यार्थ्यांना तपासू द्यावेत आणि त्यांनी खोट दाखवली तर बदलावेत.