फरीदाबाद: निर्वासितांच्या घरांपासून विद्यार्थ्यांच्या खोल्यांपर्यंत

जहांगीराचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ मध्ये वसवलेल्या फरीदाबादला आधुनिक रूप आले ते फाळणीनंतर. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून येथे ‘एनआयटी’, म्हणजे नवी औद्योगिक वसाहत, उभी राहू लागली आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनच्या पुढाकाराने निर्वासितांनीच आपल्या घरांच्या बांधकामाला हात लावला.

पुढे १९६९ मध्ये जर्मन सहकार्याने सुरू झालेली वायएमसीए अभियांत्रिकी संस्था २००९ मध्ये विद्यापीठ झाली व २०१८ पासून तिला जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. १९९७ पासून मानव रचना समूहाच्या संस्थांचीही भर पडली. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे मग दोन वाटा असतात: ‘पीजी’, म्हणजे खाट, जेवण आणि घरमालकाचे नियम एकाच भाड्यात देणारी व्यवस्था, किंवा तिघाचौघांनी मिळून घेतलेला मजला, जिथे जिन्याखालच्या सबमीटरवरील आकड्यांनुसार विजेचा खर्च वाटून घेतला जातो.

करार बहुधा ११ महिन्यांचा असतो, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी बंधनकारक ठरते. २०१५ मध्ये बदरपूरहून एस्कॉर्ट्स मुजेसरपर्यंत आणि २०१८ मध्ये बल्लभगडपर्यंत मेट्रो आली, तेव्हा खोली निवडताना महाविद्यालयापासूनच्या अंतराइतकेच स्थानकापासूनचे अंतरही मोजले जाऊ लागले.